लोहारपुत्र मायकेल फॅरडे व विद्युत्घटाचे रहस्य

इंग्लंडातील लंडन शहराच्या दक्षिण अंगास न्यूइंग्टन बट्स नावाची वस्ती होती. तेथे ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजी जेम्स फॅरडे नामक लोहाराच्या घरी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव मायकेल असे ठेवण्यात आले. जेम्स हा मूळचा उत्तरेकडील वेस्टमोरलंड प्रांतातला. पोटासाठी तो कुटुंबासह राजधानीत आला होता. त्याची प्रकृती नेहमी अशक्त असे, आणि ज्या धंद्यात मनगटाचे बळ हेच भांडवल त्यात अशक्त माणसाचे किती निभावणार? मायकेल लहान असताच हे कुटुंब तबेल्यांच्या गल्लीत, एका गाडीखान्याच्या माडीवर राहावयास गेले. १८०१ साली धान्य फार महागले, तेव्हा ह्या मुलाच्या वाट्यास आठवड्याला एक पाव येत असे व तोच त्यास सात दिवस पुरवावा लागे, असे सांगतात. शाळेत तो वाचन, लेखन व अंकगणित ह्यांपलीकडे काही शिकला नाही.

हे कुटुंब सँडेमनी नावाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे सभासद होते. स्कॉटलंडातील जॉन ग्लास नामक पाळकाने ही मंडळी स्थापिली आणि त्याचा जावई रॉबर्ट सँडेमन ह्याने ती वाढविली. हिच्यात पगारी पाळक नसे; सभासदांतूनच वडील व सेवक निवडले जात. प्रभुवारी उपासनेच्या दोन वेळांच्या मध्ये सर्व लहानथोर एकत्र बसून जेवीत. पवित्र शास्त्रात जसे लिहिले आहे तसेच वागावयाचे, आणि पृथ्वीवर धनाचा साठा करावयाचा नाही, असा त्यांचा कडक नेम होता. हा नेम वाचकांनी ध्यानात ठेवावा. मायकेलाने तो जन्मभर पाळला, व पुढे त्याच्या पैशाच्या व्यवहारात तो आपल्या दृष्टीस पडेल.

१८०४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, मायकेल हा जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्याकडे निरोप्या म्हणून लागला. घरोघर वर्तमानपत्रे पोहोचवावी व वाचून झाल्यावर परत आणावी, हे त्याचे काम. मुलाची सचोटी पाहून रीबोने दुसऱ्या वर्षी त्यास पुस्तकबांधणीच्या धंद्यात सात वर्षांच्या कराराने शिकाऊ म्हणून घेतले, आणि चाल असताही त्याबद्दल पैसा घेतला नाही. आता, पुस्तके बांधणारे पुष्कळ असतात, परंतु बांधावयास आलेले पुस्तक वाचणारा विरळा. मायकेल वाचू लागला. एका मोठ्या ज्ञानकोशातील विद्युत् ह्या विषयावरचा लेख, आणि जेन मार्सेट नामक बाईने संवादरूपाने लिहिलेला रसायनशास्त्राचा ग्रंथ, ही दोन त्याच्या मनात खोल रुजली. वाचलेले खरे की खोटे हे तो चार पैशांचे सामान आणून स्वतः करून पाही. शहरात टेटम नावाचे एक गृहस्थ संध्याकाळी शास्त्रीय व्याख्याने देत; प्रत्येक व्याख्यानास एक शिलिंग पडे. हा शिलिंग त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देई. तोही लोहारच होता. १८१० साली बाप वारला, तरी हा शिलिंग बंद पडला नाही. रॉबर्टाचे नाव कोणत्याही शास्त्राच्या इतिहासात मोठ्या अक्षरांनी लिहिलेले नाही. माझ्या मते ते लिहावयास हवे होते.

त्या काळी सर्व विद्वानांच्या तोंडी एक नवीन यंत्र होते. इटली देशातील अलेस्सांद्रो व्होल्टा ह्याने १८०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्र लिहून ते कळविले होते. यंत्र म्हणजे केवळ एक चळत : जस्ताची चकती, तिला लागून तांब्याची किंवा चांदीची चकती, मग मिठाच्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठ्याचा तुकडा; पुनः जस्त, पुनः तांबे, पुनः पुठ्ठा; असे एकावर एक रचीत जावे. चळतीच्या वरच्या व खालच्या टोकांस हात लावला की झटका बसे, आणि हा विद्युत्प्रवाह पुष्कळ वेळ चालू राही. तोवर माणसास ठाऊक असलेली वीज घर्षणाची होती, ती क्षणात चमकून नाहीशी होई. वाहत्या पाण्याप्रमाणे वाहणारी वीज माणसाच्या हाती प्रथम व्होल्टाच्या चळतीनेच दिली. त्याच वर्षी इंग्लंडात निकल्सन व कार्लाइल ह्या दोघांनी तिच्या योगे पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे दोन वायू वेगळे केले. १८०७ साली हंफ्री डेव्ही ह्याने मोठी घटमाला लावून पोटॅशियम व सोडियम हे पूर्वी कोणी न पाहिलेले धातू उजेडात आणिले.

पुस्तके बांधणाऱ्या मायकेलानेही १८१२ सालच्या उन्हाळ्यात अशी चळत केली. अर्ध्या पेनीच्या नाण्याएवढ्या सात चकत्या त्याने जस्ताच्या पत्र्यातून स्वतः कापल्या. तांब्याच्या चकत्यांच्या जागी खरीच अर्ध्या पेनीची सात नाणी घातली, आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागदाचे कपटे. ह्या चळतीने त्याने जुलाबाच्या मिठाच्या पाण्याचे पृथक्करण करून दाखविले. मित्रास लिहिलेल्या पत्रात त्याचा आनंद मावत नाही. वाचकांनी ती नाणी डोळ्यांपुढे आणावी. गरिबाने खर्चावयाचा पैसा त्याने खर्च न करता चळतीत ठेवला, आणि पैसा जसाच्या तसा राहून वीज मात्र मिळाली, असे पाहणाऱ्यास वाटले असेल. तांबे जसेच्या तसे राहिले हे खरे. परंतु जस्ताचे काय झाले? ह्या प्रश्नाचे पुरते उत्तर मिळावयास पुढे अनेक वर्षे लागली, आणि त्यातला मोठा वाटा ह्याच मुलाचा.

त्याच वर्षी रीबोच्या दुकानी येणाऱ्या डॅन्स नामक एका गायनवेत्त्याने मायकेलास रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेतील डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलाने चार व्याख्याने ऐकली, त्यांची सविस्तर टिपणे केली, आकृत्या काढल्या, आणि सुमारे तीनशे पानांची वही स्वहस्ते बांधून डेव्हीकडे पाठविली. तत्पूर्वी त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांसही अर्ज केला होता. त्यास उत्तरच आले नाही. डेव्हीने मात्र त्यास भेटीस बोलाविले, परंतु आपला धंदा सोडू नये अशीच सल्ला दिली. मग १८१३ च्या आरंभी संस्थेतील एक साहाय्यक भांडणापायी कामावरून निघाला आणि जागा रिकामी झाली. ता. १ मार्च १८१३ रोजी मायकेल आठवड्यास पंचवीस शिलिंग, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, कोळसा व मेणबत्त्या, इतक्यावर तेथे लागला. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे तेच त्याचे घर व तेच त्याचे शेत.

त्या वर्षाच्या अखेरीस डेव्ही सपत्नीक युरोपच्या प्रवासास निघाला, तेव्हा फॅरडेस बरोबर नेले. डेव्हीच्या चाकराने ऐन वेळी येण्याचे नाकारल्यामुळे चाकराचीही कामे फॅरडेकडे आली, आणि डेव्हीची पत्नी त्यास चाकरासारखेच वागवी. हे दुःख त्याने पत्रांतून मित्रास कळविले आहे. तरी तो परत फिरला नाही. १८१४ च्या जून महिन्यात मिलान शहरी म्हातारा व्होल्टा डेव्हीच्या भेटीस आला, आणि लोहाराच्या मुलाने ज्याची चळत नाण्यांनी रचली होती त्यास प्रत्यक्ष पाहिले.

आता मूळ वादाकडे वळू. चळतीतून वीज येते ती कोठून? व्होल्टाचे म्हणणे असे की, दोन निरनिराळे धातू एकमेकांस लागले की केवळ त्या स्पर्शानेच वीज वाहू लागते. मधले खारट पाणी हे केवळ वाट करून देणारे. ह्या मतास स्पर्शवाद म्हणत, आणि इटली व जर्मनी देशांतील पुष्कळ विद्वान त्यास धरून होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, जस्तावर पाण्यातील खाराची किंवा अम्लाची जी रासायनिक क्रिया होते, जिच्यामुळे जस्त झिजते, तीच विजेची माता. हा वाद शब्दांचा नव्हता. स्पर्शवाद खरा मानावा, तर दोन धातू एकदा जोडून ठेवले म्हणजे काहीही न खपता त्यांतून शक्ती अखंड निघत राहील. दिवा जळेल आणि तेल कमी होणार नाही. अशी वस्तू जगात आहे की नाही, हा खरा प्रश्न होता.

फॅरडेने ह्या प्रश्नास हात घातला तोवर तो जगप्रसिद्ध झालेला होता. १८२१ साली त्याने विजेच्या योगे तार लोहचुंबकाभोवती फिरविली; ता. २९ ऑगस्ट १८३१ रोजी चुंबकापासून वीज उत्पन्न करण्याची युक्ती त्यास सापडली, आणि आज आपल्या गावी तारांवरून येणारी बहुतेक वीज त्याच तत्त्वावर निघते. त्या शोधाविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून येथे एवढेच पुरे.

१८३२ पासून त्याने विजेने होणाऱ्या पृथक्करणाचे माप घेण्यास आरंभ केला. माप हा शब्द येथे महत्त्वाचा. तोवर लोक विजेचे चमत्कार पाहत. फॅरडेने तिचा तराजू केला. काचेच्या खुणा केलेल्या नळीत पाण्यापासून किती वायू सुटला हे मोजावे, आणि त्यावरून किती वीज गेली ते ठरवावे, अशी त्याची सोपी योजना. तीच वीज मग त्याने कथिलाच्या वितळलेल्या क्षारातून, शिशाच्या क्षारातून व इतर द्रवांतून नेली व प्रत्येक ठिकाणी काय सुटले ते तोलले. त्यास दोन नियम आढळले. जितकी वीज जाईल तितकाच पदार्थ सुटेल, दुप्पट विजेस दुप्पट, हा पहिला. दुसरा असा की, ज्या विजेने १ भाग हायड्रोजन सुटतो तिनेच ८ भाग ऑक्सिजन, सुमारे ३२ भाग तांबे आणि १०८ भाग चांदी सुटते, आणि हेच आकडे रसायनशास्त्रज्ञांनी पदार्थांच्या परस्पर संयोगाचे म्हणून आधीच ठरविले होते. म्हणजे पदार्थांस एकत्र बांधून ठेवणारे बळ आणि वीज ह्यांचे नाते सख्ख्या भावंडांचे ठरले. हे त्याने १८३४ साली प्रसिद्ध केले. नवीन गोष्टींस नवीन नावे हवी म्हणून त्याने केंब्रिजच्या ह्यूएल नामक पंडिताचा सल्ला घेतला, आणि ग्रीक भाषेतून इलेक्ट्रोड, अॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द रूढ झाले. आयन म्हणजे जाणारा, वाटसरू. आपल्या शाळांतील मुले हे शब्द आजही घोकतात, पण त्यांच्या मागे एक पुस्तकबांधणारा उभा आहे हे त्यांस क्वचितच कोणी सांगते.

हाच तराजू त्याने विद्युत्घटास लावला. घटाच्या विजेने ९ भाग पाणी पृथक् झाले, तर घटातील जस्त किती विरघळले? सुमारे ३२ भाग. आणि हायड्रोजन, ऑक्सिजन व जस्त ह्यांच्या संयोगाच्या आकड्यांवरूनही हाच हिशेब येतो. म्हणजे बाहेर जितके काम झाले तितक्याच्या मोबदल्यात आत जस्त खपले. ना कमी, ना जास्त. दहा घट एकापुढे एक जोडले तर विजेचा जोर वाढतो, परंतु तेच काम करताना दहाही घटांत प्रत्येकी तितकेच जस्त झिजते. जोरही फुकट मिळत नाही.

स्पर्शवाद्यांसाठी त्याने आणखी एक प्रयोग योजिला. पारा चोळलेला जस्ताचा पत्रा व प्लॅटिनमचा पत्रा सौम्य अम्लात उभे केले. बाहेर दोन्ही धातू एकमेकांस लागू नयेत अशी व्यवस्था केली : जस्ताच्या वळविलेल्या भागावर आयोडीनच्या क्षारात भिजविलेला कागद ठेवला, आणि प्लॅटिनमच्या तारेचे टोक फक्त त्या कागदास टेकविले. धातूस धातूचा स्पर्श कोठेच नाही. तरी तारेच्या टोकाखाली कागदावर आयोडीनचा तांबूस डाग उमटला, म्हणजे वीज वाहिली. उलट, पुढे १८४० साली त्याने दाखविले की, गंधकमिश्रित पोटॅशियमच्या द्रावणात लोखंड व प्लॅटिनम बुडवून त्यांचा बाहेर स्पर्श करविला, तर द्रावण विजेस चांगली वाट देणारे असूनही प्रवाह निघत नाही. कारण तेथे कोणताच धातू झिजत नाही. स्पर्श नसता वीज आहे. स्पर्श असता वीज नाही. त्याच लेखात त्याने आपला मुख्य आक्षेप स्पष्ट मांडिला, तो असा की, काहीही खर्च न होता शक्ती निर्माण होणे हे सृष्टीत दुसरीकडे कोठेही आढळत नाही. वस्तू व शक्ती निर्माण करणे किंवा नष्ट करणे हे उत्पन्नकर्त्याचे काम, मनुष्याचे किंवा धातूंचे नव्हे, अशी त्याची अंतःकरणातील श्रद्धा होती. मात्र विद्वानांशी वाद करताना त्याने श्रद्धेचा आधार घेतला नाही. तेथे त्याने आयोडीनचा डाग पुढे केला.

न्यायाने बोलावयाचे तर स्पर्शवाद्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. दोन धातू एकमेकांस लागले म्हणजे त्यांच्यामध्ये विजेचा किंचित ताण उत्पन्न होतो, हे आज निर्विवाद आहे. परंतु ताण निराळा व काम निराळे. बांध घातलेल्या पाण्यास दाब असतो. चाक फिरवावयाचे तर पाणी खाली उतरलेच पाहिजे.

आता हे उतरणे म्हणजे काय, हे आजच्या ज्ञानाने थोडे समजून घेऊ. प्रत्येक रासायनिक क्रियेत शक्तीची देवघेव होते. चुनकळीवर पाणी ओतले म्हणजे ती फुगते, खदखदते व हात भाजेल इतकी तापते. अग्नी लावलेला नसतो, तरी उष्णता बाहेर पडते. उलट नवसागर पाण्यात विरघळविला तर भांडे गार लागते, कारण तेथे उष्णता आत ओढली जाते. आता शेतकरी द्राक्षांवर चुन्याबरोबर फवारतात तो मोरचूद घ्या. त्याच्या निळ्या पाण्यात जस्ताची पूड टाकली, तर निळा रंग उतरत जातो, जस्ताच्या कणांवर तांबडे तांबे बसते, आणि पाणी तापते. जस्ताच्या परमाणूंतील इलेक्ट्रॉन नावाचे विजेचे सूक्ष्म कण मोरचुदातील तांब्याकडे जातात. जस्त विरघळते व तांबे बाहेर पडते. इलेक्ट्रॉनांचा शोध १८९७ साली लागला, म्हणून फॅरडेस हे ठाऊक नव्हते. ६५ ग्रॅम जस्त असे खपले तर एक लिटर पाणी सुमारे पन्नास अंशांनी तापेल इतकी उष्णता निघते. पूड व पाणी एकाच भांड्यात असल्यामुळे देवघेव जागच्या जागी होते आणि सगळी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

फॅरडेचा मित्र जॉन फ्रेडरिक डॅनियल हा लंडनच्या किंग्ज कॉलेजात रसायनशास्त्राचा अध्यापक होता. त्याने १८३६ साली ह्या दोघांची भेट लांबविली. तांब्याच्या भांड्यात मोरचुदाचे पाणी, त्यात सच्छिद्र पडद्याआड, पुढे कच्च्या मातीच्या भांड्यात, सौम्य गंधकाम्ल, व त्यात जस्ताची कांडी. आता जस्ताचे इलेक्ट्रॉन तांब्याकडे जाऊ इच्छितात, परंतु सरळ वाट बंद. बाहेरून तार जोडली तरच जावयाचे. तारेतून जाता जाता ते घंटा वाजवितात, सुई हालवितात, तारायंत्राचा निरोप पोहोचवितात. भांड्याच्या आत आयन हे वाटसरू पडद्याच्या छिद्रांतून ये-जा करून हिशेब जुळता ठेवितात. जी शक्ती मघाशी उष्णता होऊन गेली, तीच बहुतेक सगळी आता काम करिते. ह्या घटाचा जोर सुमारे १.१ व्होल्ट असतो व तो बराच वेळ एकसारखा टिकतो. व्होल्टाची चळत थोड्याच वेळात मंदावे, कारण तिच्या तांब्यावर हायड्रोजनचे बुडबुडे जमत. डॅनियलाच्या घटात बुडबुड्यांऐवजी तांबेच बसते. म्हणून पुढे अनेक वर्षे तारखात्याचे काम ह्याच जातीच्या घटांवर चालले.

टॉर्चमध्ये घालावयाचा साधा सेल हा त्याच घराण्यातला. १८६६ साली फ्रान्स देशातील लेक्लांशे ह्याने नवसागराचा घट केला व पुढे इतरांनी तो कोरडा केला. त्याचे बाहेरचे डबे म्हणजेच जस्त, मधली कांडी कोळशाची, आणि भोवती मँगनीजचा काळा लगदा. असा सेल फार दिवस पडून राहिला म्हणजे त्याचे अंग खाऊन जाते व आतील चिकटा बाहेर येऊन टॉर्च खराब करितो. ज्याच्या झिजेने वीज मिळाली ते जस्त संपत आल्याची ती खूण. मोटारीतील शिशाची घटमाला, जी १८५९ साली प्लान्टे ह्याने प्रथम केली, व आजच्या मोबाइल फोनातील लिथियमचा घट, ह्यांत बाहेरून वीज देऊन झिजलेले पुनः पूर्वस्थितीस आणता येते. परंतु ती वीजही दुसरीकडे काहीतरी खर्च करूनच आलेली असते.

फॅरडेस उच्च गणित येत नव्हते. मँचेस्टरच्या जेम्स जूल ह्याने त्याच दशकात घटातील जस्त व त्यापासून निघणारी उष्णता ह्यांचा काटेकोर हिशेब मांडिला, आणि जर्मनीत मायर व हेल्महोल्ट्झ ह्यांनी शक्ती अविनाशी आहे हा सिद्धान्त सर्व सृष्टीस लावून दाखविला. परंतु १८४० च्या त्या लेखात ह्या सिद्धान्ताची पहाट स्पष्ट दिसते. आणि त्याच सुमारास लेखकाचे शरीर खचले. डोके दुखणे, भोवळ येणे, नुकतेच केलेले विसरणे, असा विकार त्यास जडला. १८४१ साली त्यास स्वित्झर्लंडात विश्रांतीस न्यावे लागले. पुढे १८४५ साली त्याने प्रकाश व चुंबक ह्यांचा संबंध शोधून काढिला खरा, परंतु विस्मरणाने त्याची पाठ कधीच सोडली नाही. प्रयोगांच्या वहीत प्रत्येक परिच्छेदास क्रमांक घालण्याची जी त्याची सवय, ती अशा वेळी त्यास फार उपयोगी पडली.

पैशाची गोष्ट सांगावयाची राहिली. १८३० च्या सुमारास कारखानदारांसाठी पदार्थ तपासून तो वर्षास सुमारे हजार पौंड मिळवू शकत होता. ते काम त्याने थोड्याच वर्षांत जवळजवळ सोडून दिले, आणि संस्थेच्या लहानशा वेतनावर राहून शोधाचे काम धरिले. वर ज्या मापांचे वर्णन केले ती सर्व ह्या सोडलेल्या उत्पन्नाच्या वर्षांतली आहेत. १८३५ साली सरकारने त्यास वर्षास तीनशे पौंड देण्याचे योजिले. परंतु भेटीत प्रधान मेलबर्न ह्याने अशा नेमणुकांविषयी तुच्छतेचा शब्द काढिला, तेव्हा फॅरडे उठून गेला व नको म्हणून कळविले. प्रधानाने क्षमा मागितल्यावरच त्याने ती नेमणूक घेतली. सरदारकी त्याने नाकारिली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारिले.

१८२१ साली त्याने सारा बर्नार्ड हिच्याशी लग्न केले. ती त्याच मंडळीतील एका चांदीकाम करणाऱ्याची कन्या. लग्नानंतर महिनाभराने त्याने मंडळीपुढे उभे राहून आपला विश्वास पदरी घेतला, आणि हे पत्नीस आधी सांगितलेही नव्हते. त्यांस मूलबाळ झाले नाही. १८३२ साली तो सेवक व १८४० साली वडील निवडला गेला, म्हणजे त्या लेखाच्याच वर्षी. राजवाड्यात मान मिळणारा हा मनुष्य प्रभुवारी गल्लीतल्या साध्या सभागृहात कारागीर व दुकानदार ह्यांच्या पंक्तीस बसे आणि आजाऱ्यांच्या घरी जाई. उपदेशक बंधूंस एक गोष्ट नवलाची वाटेल. ज्याच्या शास्त्रीय व्याख्यानांस लंडनचे लोक दाटी करीत, त्याचा मंडळीतील उपदेश अगदी साधा असे. शास्त्रातील वचनांमागून वचने तो जोडीत जाई, स्वतःचे शब्द थोडके. तेथे त्यास वक्ता व्हावयाचे नव्हते. १८४४ साली शिस्तीच्या एका वादात अनेक सभासदांबरोबर त्यासही मंडळीबाहेर ठेवण्यात आले. राणीच्या भोजनास गेल्यामुळे प्रभुवारची उपासना चुकली म्हणून असे झाले, ही कथा पुष्कळ छापली गेली आहे, परंतु तीस पुरावा नाही. काही आठवड्यांनी त्यास परत घेतले. वडीलपद मात्र १८६० पर्यंत मिळाले नाही. ह्या काळात त्याने मंडळी सोडिली नाही, की कोणाविरुद्ध लेखणी उचलली नाही.

नाताळात मुलांसाठी व्याख्याने देण्याची चाल त्या संस्थेत पडली होती, आणि फॅरडेने अशा १९ मालिका दिल्या. १८६०च्या नाताळात आरंभिलेली मेणबत्तीवरची मालिका पुढे पुस्तकरूपाने जगभर गेली. एक मेणबत्ती पेटवून तो मुलांस सांगे की मेण कसे वितळते, वर कसे चढते, हवेतील ऑक्सिजनाशी कसे संयोग पावते, व आपल्या शरीरातही अन्नाचे तसेच मंद ज्वलन कसे चालते. त्या मेजावर विद्युत्घटमालाही मांडलेली असे. मेणबत्तीत मेण जळते, प्राण्यात अन्न, घटात जस्त. तिन्ही ठिकाणी एकच प्रकारचा व्यवहार, हे त्याने सहा व्याख्यानांत हळूहळू मुलांच्या मनात उतरविले.

१८५८ साली राणीने त्यास हॅम्प्टन कोर्ट येथे राहावयास घर दिले. १८६२ साली त्याने शेवटचे सायंकालीन व्याख्यान केले, १८६४ साली मंडळीचे वडीलपद सोडिले. स्मरण जवळजवळ गेले होते. पत्नी व भाची त्याची शुश्रूषा करीत, आणि तो खिडकीशी बसून सूर्यास्त पाहत राही. ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजी खुर्चीत बसल्या बसल्याच त्याने प्राण सोडिला. वेस्टमिन्स्टर ॲबीत, जेथे न्यूटनास पुरिले आहे, तेथे आपणास पुरू नये असे त्याने आधीच सांगून ठेविले होते. लंडनमधील हायगेट येथील दफनभूमीत, राजमान्य मंडळीबाहेरच्या लोकांसाठी राखलेल्या भागात, घरची थोडी माणसे जमली व त्यास मातीत ठेविले. दगडावर नाव व जन्ममृत्यूच्या तारखा आहेत. १८७९ साली सारा हिलाही त्याच थडग्यात ठेविण्यात आले.